शिरूरचा श, कोरेगावचा अनुस्वार

एस-आय-आर-यू-आर ही पाच रोमी अक्षरं हंगेरीतल्या कुणाही शाळकरी पोरासमोर ठेवली, तर ते न अडखळता 'शिरुर' असंच वाचेल. त्याच्या भाषेत साध्या एसचा उच्चार श होतो. आपण बुडापेस्ट म्हणतो, तिथली माणसं बुडापेश्त म्हणतात. आमच्या गावाचं नाव इंग्रजी राजवटीत वर्षानुवर्षं याच पाच अक्षरांत लिहिलं गेलं. लिहिणारा साहेब ते 'सिरुर' असं वाचायचा. शिरूरला कधीही न आलेला, शिरूरचं नावही न ऐकलेला हंगेरियन मात्र ते बरोबर वाचेल, याचं मला फार नवल वाटतं.

याच श साठी युरोपभर किती खटपटी आहेत! फ्रेंच माणसाला तो लिहायला सी-एच लागतो, आणि पुढच्या रूसाठी ओ-यू. जर्मन त्यासाठी एस-सी-एच अशी तीन अक्षरं खर्ची घालतो. पोलंडमध्ये एस-झेड. इटालियन माणूस एस-सी-आय लिहील. चेक लोक एसच्या डोक्यावर एक छोटीशी खूण ठेवतात आणि मोकळे होतात. पोर्तुगीजांना श साठी एक्स जवळचा वाटतो, आणि ती सवय ते गोव्यात ठेवून गेले. रोमी लिपीतल्या कोंकणीत आजही श म्हणजे एक्स. घोड नदीच्या काठावरचं एक तालुक्याचं गाव, पण त्याचं पहिलंच अक्षर लिहायला निघालं की युरोपातली प्रत्येक भाषा आपापल्या वाटेने जाते.

इंग्रजांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे श होता, तो लिहायला एस-एच होतं, तरीही त्यांनी ते वापरलं नाही. कधी 'सीरूर' वाटावं असं दोन ई आणि दोन ओ घालून लिहिलं, पुढे 'सिरुर' कायम झालं. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही तेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे त्यांची छावणी बसली होती, आणि तिचा एक अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याचं थडगं शिरूरला आहे. आसपासच्या लोकांनी त्याला 'सत्पुरुष' म्हणायला सुरुवात केली आणि सुगीत त्याच्या थडग्यापुढे धान्य ठेवायची चाल पडली, अशी नोंद त्याच गॅझेटियरमध्ये सापडते. साहेबाने आमच्या गावाचा श काढून घेतला, आणि गावाने साहेबाच्या नावाच्या जागी एक अख्खा मराठी शब्द ठेवला. दोन्ही बाजूंना समोरच्याचं नाव जिभेवर बसत नव्हतं. आमच्या बाजूने निदान त्यात आदर होता.

श गमावलेलं याहून फार मोठं आणि फार जुनं एक शहर आहे. त्याचा विचार करायला लावला तो दौंड तालुक्यातल्या केडगावने. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावला आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी तिथे बसून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण इंग्रजीवरून मराठी करणं त्यांना पटत नव्हतं. पुस्तक तिथल्याच छापखान्यात, आश्रमातल्या बायकामुलींच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांतून छापलं गेलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये. एखाद्या भाषेत सबंध ग्रंथ मुळावरून एकट्या बाईने आणावा, आणि तोही रेल्वेच्या एका लहान स्टेशनाशेजारी बसून, याची जाण आपल्याकडे अजून हवी तेवढी नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता ते शहर. हिब्रूत त्याचं नाव 'येरुशलायिम'. त्यात य आहे आणि श आहे. ग्रीकांकडे श चा उच्चारच नव्हता, म्हणून त्यांनी तिथे स घातला, आणि ग्रीक-लॅटिनमधून युरोपभर जी रूपं पसरली त्यांतून तो श कायमचा गेला. जर्मनांनी य राखला पण श चा झ केला: येरुझालेम. पोलिशमध्ये ते येरोझोलिमा झालं. इंग्रजीत य सुद्धा गेला, त्याच्या जागी ज आला. मराठी वर्तमानपत्रांनी हे इंग्रजी नाव तसंच उचललं, म्हणून बातम्यांत आपण 'जेरुसलेम' वाचतो. पण मराठी बायबल उघडलं की तिथे 'यरुशलेम' आहे, य आणि श दोन्ही जागच्या जागी. मोझेस तिथे मोशे आहे, सॉलोमन शलमोन, सॅम्युएल शमुवेल. भाषांतरं करणारे मुळापर्यंत गेले होते, आणि मराठीपाशी श लिहायला एक सरळ, स्वतंत्र अक्षर होतं. नगर-शिरूरकडच्या ख्रिस्ती घरांत शमुवेल आणि शलमोन नावाची माणसं आहेत. त्यांच्या नावात एक जुना आवाज शाबूत आहे, आणि तो लंडन-पॅरिसच्या सॅम्युएलांच्या नावात नाही. शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. तिथले मिशनरी आपल्या अहवालांवर गावाचं नाव 'सिरुर' घालत, आणि रविवारी प्रार्थनेत 'यरुशलेम' म्हणत. एकाच माणसाच्या तोंडून एक श गळत होता आणि दुसरा परत येत होता.

माझं सासर शिरूर, माहेर दौंड. लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यात आधी कानाला जाणवलं ते हे, की शिरूरला शिरूर म्हणणारे घरात कमीच. सासूबाई म्हणायच्या, "घोडनदीला बाजार भरलाय." आजही खेड्यापाड्यातली जुनी माणसं 'घोडनदीला चाललो' असंच सांगतात. त्याला कारणही आहे. शिरूर काय एकटं आहे? बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूरकडे शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. लग्नपत्रिकेवर, पार्सलवर नुसतं शिरूर लिहून कसं भागायचं? म्हणून शिरूर, मग आडवी रेघ, मग घोडनदी.

अशी अडचण इटलीतल्या माणसालाही रोज पडते. जर्मनीतलं म्युनिक, ज्याला जर्मन म्युन्शेन म्हणतात, त्याला इटालियन भाषेत म्हणायचं मोनाको. पण समुद्रकाठचं राजघराण्याचं मोनाकोही त्यांच्या शेजारीच. तेव्हा ते म्हणतात 'मोनाको दी बाव्हिएरा', म्हणजे बव्हेरियातलं मोनाको. गाडी कुठली धरायची ते मागच्या दोन शब्दांवरून ठरतं. आणि पाण्यावरून गावाला ओळखण्याची आमची रीतही तिकडे आहेच. जर्मनीच्या पश्चिम टोकाला आखेन नावाचं शहर आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. पाण्यासाठीच्या जुन्या शब्दातून ते नाव निघालं. डच त्याला आकेन म्हणतात, फ्रेंच एक्स-ला-शापेल, इटालियन आक्विझग्राना, चेक त्साखी. ही सगळी नावं कागदावर शेजारी शेजारी मांडली तर एका शहराची आहेत असं कुणी म्हणणार नाही. तरी प्रत्येकाच्या तळाशी पाणी आहे.

दौंडची गोष्ट रेल्वेची आहे. दौंडहून मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. दक्षिणेकडून आलेली गाडी घाट उतरून कल्याणला न जाता नगरवरून थेट मनमाडला, म्हणजे उत्तरेच्या लाइनला लागू लागली. त्या रेल्वेचं नाव होतं धोंड-मनमाड स्टेट रेल्वे. डी-एच-ओ-एन-डी. 'धोंड' वाचा, नाहीतर 'ढोंड', दौंड काही होत नाही. इंग्रज साधारणपणे आपल्या नावांतला हकार खाऊन टाकतो: ठाण्याचं त्याने टाणा केलं, खडकीचं किर्की. दौंडच्या वाट्याला मात्र नसलेला हकार आला.

माझ्या आजोबांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आहे. त्यांची बदली झाली की ती ब्रेकव्हॅनमधून जायची. झाकणावर हिरवा रंग, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांचं आडनाव, आणि खाली धोंड, इंग्रजीत. एच हे अक्षर बाकीच्यांपेक्षा थोडं अरुंद आहे. रंगवणाऱ्याने आधी चार अक्षरांची जागा धरली असावी आणि मग पाचवं बसवलं असावं. वडील गार्ड होते. त्यांच्या काळ्या लाइन बॉक्सवर, म्हणजे गार्ड ड्यूटीवर न्यायचा त्या पेटीवर, नाव आणि हुद्दा, आणि कोपऱ्यात फक्त 'डीडी'. स्टेशनाचा हा सांकेतिक कोड आजही तोच आहे. मला तो फार आवडतो. धोंड म्हणा नाहीतर दौंड, पहिलं आणि शेवटचं अक्षर डीच. मधल्या अक्षरांचा घोळ त्याला लागलाच नाही. दौंडची रेल्वेतली माणसं आपसांत 'डीडीला उतरलो', 'डीडीचा क्रू' असं सहज बोलतात. दोन राजवटींच्या स्पेलिंगांना मागे टाकून ते जणू गावाचं तिसरं नाव झालं आहे.

दौंडमधला ड मात्र युरोपातल्या बहुतेकांना जमत नाही. आपण जीभ मागे वळवून टाळूला लावतो, ते दातांशी किंवा हिरडीशी ठेवतात. याला अपवाद आहेत स्वीडिश आणि नॉर्वेजियन. त्यांच्याकडे आर आणि डी शेजारी आले की जीभ आपसूक मागे वळते आणि आपल्या ड च्या अगदी जवळचा आवाज निघतो. उत्तर ध्रुवाकडच्या थंडीतला माणूस आणि भीमेच्या उन्हातला माणूस, दोघांची जीभ एका जागी टेकते. व्याकरणाच्या पुस्तकात हे एका ओळीत असतं. मला ती ओळ वाचून माणसांविषयी बरं वाटलं होतं.

आपणही दुसऱ्यांची नावं काही कमी वळवली नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात समुद्रावरून आलेल्या टोपीकरांची नावं येतात: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. वलंदेज म्हणजे हॉलंडचे, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. यांतली बरीच नावं आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाली. 'इंग्रज' हा शब्दसुद्धा इंग्लंडमधून आलेला नाही, पोर्तुगीज 'इंग्लेस' वरून आला. आधी कोण आलं, कुणाच्या तोंडून कुणाची ओळख झाली, हे सगळं त्या एका शब्दात नोंदलेलं आहे. रोमचंही तसंच. इटालियन त्याला रोमा म्हणतात, जर्मन रोम, पोलिश लोकांच्या तोंडी ते झिम झालं आहे. आपल्या बखरी-पोवाड्यांत जो 'रूमशाम' येतो त्यातला रूम म्हणजे तेच नाव, फक्त अरबी-फारसीतून फिरून आलेलं. तोवर ते मूळ शहर सोडून पूर्वेच्या रोमन साम्राज्याला आणि मग तुर्कांच्या मुलखाला चिकटलं होतं. मग इंग्रजी शाळेतून आपल्याला 'रोम' मिळालं. एकाच शहराचं नाव मराठीच्या दारात दोनदा, दोन वेगळ्या रस्त्यांनी आलं, आणि आपण दोघांनाही घरात घेतलं.

नावं बदलतात तेव्हा नेहमीच नुसता जिभेचा प्रश्न नसतो. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बरीचशी बायकामुलं. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली, सायबेरियाकडून फिरत फिरत कोल्हापूर संस्थानात पोचलेली. त्या भागातलं मोठं शहर ल्वूफ. जर्मनभाषक ऑस्ट्रियाच्या अमलात ते लेम्बर्ग होतं, रशियन त्याला ल्वोफ म्हणत, युक्रेनियन ल्विव, लॅटिन कागदांत ते लिओपोलिस. महायुद्ध संपलं तेव्हा ते सोव्हिएत युक्रेनमध्ये गेलं, आणि वळिवड्यात बसलेल्या माणसांना परतीचं गाव उरलं नाही. ते ज्या नावाने आपल्या शहराला हाक मारत होते ते नाव नकाशावरून गेलं होतं, आणि ही माणसं त्या वेळी पंचगंगेच्या काठी होती. आज सगळं जग ल्विव म्हणतं आणि ते बरोबरच आहे, तिथल्या माणसांचं ते नाव आहे. तरी वळिवड्यात वाढलेल्या कुणा म्हाताऱ्या पोलिश बाईने ल्वूफ म्हटलं, तर तिची चूक काढायला कुणाची जीभ रेटेल?

म्हणून जुन्या स्पेलिंगांवर सरसकट चिडणं मला जमत नाही. पुण्याचं 'पूना' बदललं, धोंडचं दौंड झालं, सिरुरचं शिरूर, हे व्हायलाच हवं होतं. आपल्या गावाच्या पाटीवर आपलं नाव हवं. पण जुनी रूपं पुसून टाकणं वेगळं. त्यांत कधी कधी आपलंच काहीतरी राहिलेलं असतं.

कोरेगाव भीमा आमच्या शिरूर तालुक्यातलं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टॉन्टन कंपनीची तुकडी घेऊन पुण्याकडे निघाला: पायदळ, पूना हॉर्सचे घोडेस्वार आणि मद्रासच्या तोफखान्याच्या दोन तोफा. १ जानेवारी १८१८ ला भीमेच्या काठी पेशव्यांच्या फौजेशी ती लढाई झाली. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ नदीपलीकडे, हवेली तालुक्यातल्या पेरणे गावच्या हद्दीत आहे. त्याची पायाभरणी १८२१ ची. त्या स्तंभावरच्या इंग्रजी मजकुरात आणि पुढे पलटणींना मिळालेल्या युद्धसन्मानांत गावाच्या नावाची अक्षरं वेगवेगळी आहेत. पण दोन्हीकडे शेवटी एम आहे: 'कोरेगाम'. लहानपणी मला ते साहेबाच्या जड जिभेचं काम वाटायचं. पुढे जुनी मराठी पुस्तकं वाचताना उलगडलं. तिथे 'गांव' आहे, 'नांव' आहे, डोक्यावर टिंब घेऊन. गाव हा शब्द पूर्वी नाकातून निघत होता. कोकणात आणि गोव्यात अजून निघतो. तोच अनुस्वार रोमी लिपीत एम होऊन बसला, कोरेगावच्या नावात, बेळगावच्या नावात. बेळगावच्या इंग्रजी पाटीवर तो २०१४ पर्यंत होता.

घाटावरच्या आपल्या बोलण्यातून तो नासिक्य आवाज हळूहळू गेला. १९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम स्वीकारले तेव्हा ज्या टिंबांना उच्चार उरला नव्हता ती काढून टाकली, आणि गांवचं गाव झालं. नियम योग्यच होते. मुलांची त्या टिंबांतून सुटका झाली. पण त्यानंतर तो अनुस्वार जुन्या पुस्तकांखेरीज राहिला तो परक्यांच्या अक्षरांत, पेरण्याच्या दगडावर. कुणा कारकुनाने किंवा अधिकाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या कोणा माणसाच्या तोंडून जे ऐकलं, ते त्याने लिहून ठेवलं. त्याने ते नीट ऐकलं होतं.

त्याच स्तंभावर पडलेल्या सैनिकांची नावं आहेत, एकोणपन्नास. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी एन-ए-सी आहे. हा 'नाक', महार समाजातल्या पुरुषांच्या नावाला लागणारा, त्यांचाच. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, तेव्हापासून त्या दिवशी माणसं तिथे येत राहिली आहेत, आणि आता लाखांनी येतात. ज्यांची नावं त्या काळी गावच्या कागदांत मानाने लिहिली जाण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, त्यांची नावं परक्या लिपीत दगडावर कोरली गेली. इंग्रज वाचक तिथे उभा राहिला तर तो एन-ए-सीचं 'नॅक' करील आणि पुढचं-मागचं त्याला काहीच लागणार नाही. लंडनचा असो की लिस्बनचा, त्या तीन अक्षरांत कोण आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. अक्षरं इंग्रजी आहेत, पण ती बरोबर वाचायला मराठीच यावी लागते. म्हणून त्या दगडावरचं एकही स्पेलिंग सुधारू नये. १ जानेवारीला तिथे आलेल्या आया मुलांना बोट लावून ती नावं दाखवतात, आणि मुलं एन-ए-सीचं नाक असंच वाचतात.